आधी ब्रेक

पहाटेच्या लोकलला अजून पाच-सात मिनिटं असतात. बोईसर स्टेशनच्या जिन्यापाशी एक स्कूटर येऊन थांबते. वडील चालवत असतात, मागे पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा, झोपेतून उठवून आणलेला, पायात चपला. वडील उतरतात, डब्याची पिशवी खांद्याला अडकवतात आणि मुलगा पुढे सरकून हँडल धरतो. "सावकाश जा रे," म्हणेपर्यंत वडिलांचा पाय जिन्यावर पडलेला असतो. गाडी दिवसभर स्टेशनबाहेर अडकून पडली तर चालत नाही. घरी ती आईला बाजारहाटाला लागते, धाकटीला शाळेत सोडायला लागते. म्हणून ती परत न्यायची, आणि न्यायला मोकळा असतो तो हाच.

डहाणूपर्यंत लोकल आली १६ एप्रिल २०१३ला. त्याआधी शटलच्या वेळा गाठायच्या तेव्हाही हेच चालायचं. पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव या पट्ट्यातली कितीतरी मुलं गाडी शिकली ती अशी परतीच्या फेरीत, शिकवायला कोणी नसताना. गाडी पुढे कशी न्यायची ते पाच मिनिटांत येतं, त्यासाठी गुरू लागत नाही. ती किती अंतरात थांबेल, हे मात्र ज्याचं त्याला एखाद्या वळणावर कळतं.

मीही तसाच शिकलो, लुनावर. नवापूरच्या बाजूला संध्याकाळी एक कुत्रं आडवं आलं, मी उजव्या हाताचा ब्रेक करकचून दाबला आणि चाकाखाली वाऱ्याने आलेली वाळू होती. कोपर फुटलं. त्यानंतर कितीतरी वर्षं मी पुढच्या ब्रेकला बोट लावलं नाही, आणि भेटेल त्याला सांगत राहिलो, "पुढचा दाबू नकोस, पलटी होशील." हा सल्ला आपल्याकडे घराघरांत दिला जातो. तो चुकीचा आहे, आणि जीवघेणा आहे. लेकीला शिकवायची वेळ आली तेव्हा मी त्याच्या मुळाशी गेलो.

अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या संशोधकाने दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातर्फे लॉस एंजेलिस भागातल्या सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांचा तपास प्रत्यक्ष जागेवर जाऊन केला होता. त्याचा अहवाल १९८१ साली आला. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के चालक एकतर आपले आपण शिकलेले होते, नाहीतर घरच्यांकडून किंवा मित्रांकडून. निम्म्याहून जास्त जणांच्या हातात ती गाडी येऊन पाच महिनेही झाले नव्हते. आणि संकटाच्या क्षणी पुन्हापुन्हा एकच चूक दिसत होती: मागचा ब्रेक जोरात दाबून चाक घसरवायचं आणि पुढचा पुरेसा वापरायचाच नाही. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा आणि सातासमुद्रापलीकडचा हा अहवाल वाचताना मला सारखं वाटत होतं की तो आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बसून लिहिलाय.

कारण सोपं आहे. एसटीच्या ड्रायव्हरने ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे झुकतात. गाडीचंही तसंच होतं. ब्रेक लागताच बराचसा भार पुढच्या चाकावर येतो, ते रस्त्याला घट्ट धरतं आणि मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाला दाबून गाडी थांबत नाही, ते फक्त घसरतं. थांबवण्याची खरी ताकद, दोन-तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त, पुढच्या ब्रेकात असते. ती वापरायची रीत असते एवढंच. हँडल सरळ हवं. दाब हळूहळू वाढत जायला हवा, लिंबू पिळतो तसा, झटक्याने नाही. वाळू, खडी, चिखल किंवा गाडी कललेली असेल तर हात आणखी हलका. माझ्या नवापूरच्या पडण्यात पुढच्या ब्रेकचा दोष नव्हता. दोष झटक्याचा होता, आणि वाळू न दिसण्याचा.

एप्रिल २०१९पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कंबाइंड ब्रेक किंवा एबीएस सक्तीचं झालं. कंबाइंडमध्ये मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही आपोआप लागतो. त्याहून मोठ्या गाड्यांना एबीएस असतं, ते चाक जाम होऊ देत नाही. घरात जुनी गाडी असेल तर त्यात यातलं काही नसेल, हे मुलाला गाडी दाखवतानाच सांगायला हवं. आपल्याकडे मुलं बहुधा घरातल्या सगळ्यात जुन्या गाडीवर शिकतात, पडली तरी चालेल म्हणून.

लेकीला अठरा वर्षं पूर्ण झाली, लर्निंग लायसन्स आलं, आणि आम्ही रविवारी सकाळी एका क्रिकेटच्या मैदानावर गेलो. पहिला अर्धा तास गाडी सुरूच केली नाही. डबल स्टँड लावायचा, काढायचा. गाडी हाताने ढकलत दहा पावलं न्यायची आणि दोन बोटांनी ब्रेक दाबून थांबवायची. ती वैतागली. "पप्पा, सुरू कधी करायची?" मी म्हटलं, "ढकललेली गाडी तुझ्या बोटांवर थांबायला लागली की."

गिअर नसलेल्या स्कूटरचा एक धोका आहे जो मोटरसायकलला इतका नाही. माणूस घाबरला की हातातली वस्तू घट्ट धरतो. उजव्या हाताची मूठ घट्ट झाली आणि मनगट खाली गेलं की रेस वाढते. गाडी पुढे उसळते, अंग मागे पडतं, मनगट आणखी पिळलं जातं. भिंतीत घुसलेल्या, दुकानाच्या पायरीवर चढलेल्या स्कूटर अशाच घुसतात. उतरताना तर हे हमखास होतं. इंजिन चालू, माणूस एका बाजूला उतरलेला, उजवा हात मुठीवरच, आणि गाडी सरकली म्हणून ती धरायला गेला की रेस. म्हणून आमच्याकडे नियम ठरला: थांबलो की आधी किल्ली बंद, मग पाय खाली. आणि निघताना आधी बोटं ब्रेकवर, मग रेस. दोन आठवडे मी दुसरं काही शिकवलं नाही.

मग फक्कीने एक रेघ मारली. रेघेवर पोचताच ब्रेक मारायचा आणि गाडी कुठे थांबते ते पावलांनी मोजायचं. हिशोब असा असतो. डोळ्यांना दिसणं आणि बोटं दाबली जाणं यात साधारण एक सेकंद जातो. ताशी २० किलोमीटरला तेवढ्यात गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते, मग ब्रेकचे तीन मीटर. एकूण नऊ मीटरच्या आत. ४०ला हेच २३ मीटरच्या आसपास जातं, म्हणजे एक अख्खी क्रिकेटची खेळपट्टी आणि वर थोडं. ६०ला ४४ मीटर, दोन खेळपट्ट्यांहून जास्त. वेग तिप्पट झाला पण अंतर पाचपट, कारण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. हे आकडे कोरड्या डांबरावरचे, चांगल्या टायरचे. पावसात त्यात आणखी भर.

लेकीने मैदानात २० आणि ३०च केलं. पण ६०ची पावलं मी तिला चालायला लावली, रेघेपासून. चाळीस पावलांनंतर तिने मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, "एवढं?" ही रेघ मैदानाबाहेर तिच्यासोबत गेली. आजही ती समोरच्या गाडीपासून अंतर सोडते तेव्हा मला त्यात ती फक्की दिसते.

आता अठरा वर्षांच्या अटीबद्दल. मोटार वाहन कायदा १९८८ सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची मोटरसायकल चालवू देतो. ही सवलत लुनाच्या काळातली. पुण्याच्या कायनेटिकने १९७२मध्ये आणलेली ती छोटी मोपेड तेव्हा घरोघरी होती. आज दारात असलेली ११० किंवा १२५ सीसीची स्कूटर त्यात बसत नाही. २०१९च्या दुरुस्तीने कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर दोषी पालक किंवा गाडीचा मालक मानला जातो: तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लर्निंग लायसन्स नाही. १९ मे २०२४च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या महागड्या गाडीने मोटरसायकलवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा हे कलम सगळ्यांना माहीत झालं. स्टेशनवरून परत जाणाऱ्या मुलाच्या वडिलांनाही तेच लागू आहे. एमआयडीसीचा सुट्टीच्या दिवशीचा रिकामा रस्ताही कायद्याने सार्वजनिक जागाच.

ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, कमी ताकदीच्या इलेक्ट्रिक स्कूटरना लायसन्स लागत नाही म्हणून दहावीतल्या मुलांना त्या घेऊन देतात. कागदाची अट सुटते, रस्ता तोच राहतो. त्या वेगाला गाडी सेकंदाला सात मीटर जाते.

मग अठरापर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का? मुळीच नाही. खरं शिक्षण तेव्हाच होतं. सायकल तोल शिकवते, मान वळवून मागे पाहायला शिकवते, खड्डा आधी हेरायला शिकवते. नजर जिथे जाते तिथे गाडी जाते, हेही सायकलवरच कळतं: खड्ड्याकडे बघत राहिलं की खड्ड्यातच जातो, बाजूच्या चांगल्या रस्त्याकडे बघितलं की निघून जातो. आणि मागच्या सीटवर मूल आपल्याला रोज बघत असतं. आपण सिग्नल तोडला, उलट्या बाजूने घुसलो, तिघं बसलो, तर दहा वर्षांचा क्लास झालेला असतो.

मागे बसलेल्या लेकीकडून मी एक गोष्ट करून घेतली, आणि माझ्या मते पूर्ण शिकवणीत तिचा फायदा सगळ्यात मोठा झाला. तिने दिसेल ते मोठ्याने बोलायचं. "डावीकडे रिक्षा थांबलीय, कोणीतरी उतरेल." "पुढे कुत्रं." "त्या बाईच्या हातात मूल आहे, ती मागे बघत नाहीये." ब्रिटनमध्ये पोलीस ड्रायव्हरना असंच बोलत गाडी चालवायला शिकवतात. खैरा फाट्यापासून चित्रालयपर्यंतच्या गर्दीत सुरुवातीला ती फक्त गाड्या सांगायची. महिन्याभराने माणसांच्या मनातलं सांगायला लागली: "हा वळणार, पण इंडिकेटर देणार नाही."

आमच्या भागाचं खरं संकट मोठ्या गाड्यांचं. तारापूर एमआयडीसीत रसायनं, औषधं, कापड, पोलाद सगळं बनतं, आणि ते ट्रेलर, टँकर, कंटेनरमधून बोईसर-चिल्हार रस्त्याने हायवेला जातं. त्यात गेल्या काही वर्षांपासून बुलेट ट्रेनची, मालगाड्यांच्या स्वतंत्र मार्गाची, वडोदरा एक्स्प्रेसवेची कामं, आणि ऑगस्ट २०२४मध्ये पायाभरणी झालेलं वाढवण बंदर. माती-खडीचे हायवा डंपर दिवसरात्र धावतात. शिफ्ट सुटते तेव्हा त्यांच्याच मधून हजारो दुचाक्या बाहेर पडतात.

ट्रेलरपासून लांब राहा, असं मी लेकीला शंभरदा सांगितलं असेन. शंभरदा ऐकलेलं कानात राहत नाही. म्हणून एकदा मुकट टँकजवळ कडेला उभ्या असलेल्या ट्रेलरच्या ड्रायव्हरला विनंती केली. पन्नाशीचा माणूस होता, स्टोव्हवर चहा ठेवलेला. त्याने हसून दार उघडलं. लेक वर चढून ड्रायव्हरच्या जागेवर बसली आणि मी डाव्या दाराला जवळजवळ खेटून उभा राहिलो.

"आता कुठे आहे मी?" मी ओरडलो.

"पप्पा, आवाज येतोय. दिसत नाहीये."

मी पुढच्या बंपरसमोर आलो. तरी नाही. मागच्या चाकांपाशी गेलो तेव्हा आरशाच्या कडेला माझा खांदा दिसला म्हणाली, एवढाच. मग त्या चाचांनी खाली उतरून पायाने मातीत रेघ ओढून दाखवलं की डावीकडे वळताना पुढची चाकं रुंद जातात आणि मागची कोपरा कापत आत येतात. डावीकडे जागा मोकळी दिसते म्हणून स्कूटर आत शिरते आणि ती जागा बंद होत जाते. ड्रायव्हरचा चेहरा त्याच्या आरशात तुला दिसत नसेल तर तू त्याला दिसत नाहीस, हे त्यांनी हिंदीत सांगितलं. त्यांनी आम्हाला चहाही पाजला. लेक ट्रेलरच्या डावीकडून कधीच जात नाही. का जायचं नाही ते तिने त्या सीटवर बसून पाहिलंय.

बाकी रस्ते मी तिला एकेक करून दिले. आधी टॅप्स कॉलनीच्या बाजूचे शांत, मग पालघर-बोईसर, पाचबत्तीची गर्दी, सगळ्यात शेवटी मनोरकडे जाणारा वाघोबा घाट. तिथे वाघोबाला हात जोडून पुढे जायची रीत आहे. आम्ही थांबलो, हात जोडले, आणि पुढचं वळण दिसेपर्यंत वेग कमी ठेवायचा हे तिथेच बोललो. हायवे मी तिला दिलेला नाही. मनोर, चारोटीकडे दुभाजकाच्या पुढच्या तुटीपर्यंत जायला नको म्हणून लोक उलट्या बाजूने येतात, तेही रात्री. दोन किलोमीटरचं पेट्रोल वाचतं.

जूनचा पहिला पाऊस हा वर्षातला सगळ्यात निसरडा दिवस. आठ महिन्यांचं तेल आणि धूळ पाण्यावर तरंगते. जोराच्या चार सरींनी रस्ता धुतला जाईपर्यंत गाडी घरी ठेवणं बरं. हायवाच्या चाकांतून पडलेली माती ओली झाली की साबणासारखी होते, आणि पाण्याने भरलेला खड्डा किती खोल हे देवालाच माहीत. संक्रांतीच्या आठवड्यात मांजा असतो, म्हणून गळ्याला जाड स्कार्फ गुंडाळायचा. मुलींच्या ओढणीचं कोणी फार बोलत नाही. मागच्या चाकात ओढणी गेली की गळ्याला फास बसतो. ओढणी डिकीत, किंवा आडवी बांधून गाठ कमरेला.

हेल्मेटवर भांडण होतं ते एका वाक्यावर: "जवळच तर जायचंय." उभ्या माणसाचं डोकं दीड मीटरवरून जमिनीवर आपटलं तर ते ताशी जवळजवळ २० किलोमीटरने आपटतं. गाडी जागेवर उभी असली तरी. हेल्मेटच्या आतला थर्मोकोलसारखा थर दबतो आणि तो धक्का कवटीऐवजी स्वतः घेतो. म्हणूनच एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं. आयएसआय खूण बघायची, पट्टा लावून मागून वर ढकलून बघायचं: निघालं तर मापाचं नाही. २०२२मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. हेल्मेट नसताना गेलेले ५०,०२९, आणि त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. मागे बसणाऱ्याला हेल्मेट कायद्याने बंधनकारक आहे, हे आमच्याकडे अजून फारसं कोणी मानत नाही. एमआयडीसीत तर रोज दिसतं: कारखान्याच्या आत डोक्यावर टोपी असल्याशिवाय पाऊल टाकू देत नाहीत, आठ तास लोक ती निमूट घालतात, आणि गेटबाहेर आल्यावर गाडीचं हेल्मेट आरशाला लटकवून निघतात. ज्या माणसाला सुरक्षितता आठ तास कळते, त्याला ती घरापर्यंतही कळू शकते. कोणीतरी घरातून आग्रह धरायला हवा. आमच्या घरात तो लेकीने धरला, माझ्यावर.

इथे डोक्याला मार लागला तर माणसाला वापी, सिल्वासा किंवा थेट मुंबईला न्यावं लागतं. मुंबई इथून शंभरेक किलोमीटर. शेजारपाजारच्या घरांतून मी हे प्रवास पाहिले आहेत. १०८ला फोन कसा करायचा, पडलेल्याचं हेल्मेट ओढून का काढायचं नाही, आणि मदत करणाऱ्याला आता कायदा संरक्षण देतो, हेही गाडी शिकवतानाच शिकवलं.

आरटीओची परीक्षा, ती आठ मारण्याची, लर्निंगनंतर तीस दिवसांनी देता येते. आम्ही चार महिने घेतले. 'एल' लावलेली गाडी घेऊन फिरताना तिला मैत्रिणींची लाज वाटायची. मी मागे बसायचो आणि बोलायचो नाही. बोलायचं काम तिचं होतं.

एक गोष्ट मला स्वतःला शिकावी लागली. लायसन्स आल्यावर ती पालघरला कॉलेजला एकटी जायला लागली, आणि पहिल्याच आठवड्यात, ती निघून दहा मिनिटं झाली की मी फोन करायचो. पोचलीस का? एकदा संध्याकाळी ती म्हणाली, "पप्पा, कोळगावला ट्रकच्या मागे होते तेव्हा तुमचा फोन वाजला. मी खिशाकडे बघितलं." तेवढंच म्हणाली. ताशी ४०ला एक सेकंद म्हणजे अकरा मीटर, हे मीच तिला फक्कीवर दाखवलं होतं.

आता फोन डिकीत जातो. पोचल्यावर ती मिस्ड कॉल देते. पाऊस नसेल तर अर्धा तास लागतो, असेल तर पाऊण. तेवढा वेळ मी घड्याळ बघतो आणि फोनला हात लावत नाही.